चिंतेच्या प्रश्नावलीची विश्वसनीयता आणि वैधता कशी तपासावी: जीएडी-७ घेऊन, पायरीपायरीनं

‘क्रॉनबाख आल्फा ०.८७ आला, म्हणून प्रश्नावली विश्वसनीय व वैध आहे.’ मानसशास्त्र, नर्सिंग किंवा सामुदायिक वैद्यकशास्त्राचे प्रबंध चाळले की हे वाक्य थोड्याफार फरकानं भेटतंच. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तरी उत्तर तसंच येणं, वैधता म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जाणं. त्या वाक्यात दोन चुका आहेत. आल्फा हा विश्वसनीयतेच्या अनेक अंगांपैकी एकाच अंगाचा, म्हणजे प्रश्न आपसांत किती जुळतात याचा, अंदाज असतो, आणि वैधतेबद्दल तो काहीही बोलत नाही. तिसरी चूक वाक्यात दिसत नाही, पण महागात तीच पडते. आकडेमोडीला बसेपर्यंत वैधता तपासायची वेळ निघून गेलेली असते, कारण ज्यांनी प्रश्नावली भरली त्यांची रीतसर क्लिनिकल मुलाखत कुणी घेतलेलीच नसते. मग कितीही सॉफ्टवेअर चालवा, ती माहिती मागाहून उगवत नाही.

म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा क्रमावर भर आहे. उदाहरण म्हणून जीएडी-७ ही चिंतेची प्रश्नावली घेतली आहे. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २१. रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या १५ प्राथमिक उपचार केंद्रांतल्या २,७४० रुग्णांनी ती भरली आणि त्यांतल्या ९६५ जणांची मानसोपचारातल्या जाणकारांनी आठवड्याभराच्या आत फोनवर मुलाखत घेतली. १० किंवा त्याहून जास्त गुण हा कट-ऑफ (‘विकार असू शकतो’ म्हणायची सीमारेषा) धरला तेव्हा सार्वत्रिक चिंता विकारासाठी (इंग्रजी आद्याक्षरं जीएडी) संवेदनशीलता, म्हणजे विकार असलेल्यांपैकी किती सापडले ते प्रमाण, ८९ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे विकार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले गेले ते प्रमाण, ८२ टक्के आली. हे आकडे त्या रुग्णांचे आहेत. तुमच्या तालुक्यातल्या ओपीडीत किंवा कॉलेजात ते तसेच येतील असं गृहीत धरता येत नाही. तपासायचं ते हेच.

पायरी १: वापर आधी लिहून काढा

एका कागदावर चार गोष्टी लिहा: कुणासाठी, कुठे, कोण भरून घेणार, आणि निकाल आल्यावर काय करणार. ‘महाराष्ट्रातील प्रौढांमधील चिंता मोजण्यासाठी’ हे उत्तर नव्हे. ‘ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या १८ वर्षांवरील मराठी भाषकांसाठी, नर्स वाचून दाखवणार, कट-ऑफच्या वर असणाऱ्यांना समुपदेशकाकडे पाठवणार’ हे उत्तर चालेल.

दुसरा निर्णय: कोणता विकार पकडायचा आहे? फक्त सार्वत्रिक चिंता विकार, की पॅनिक, सामाजिक भय यांसह कुठलाही चिंता विकार? जीएडी-७ नावाप्रमाणे पहिल्यासाठी बनली असली तरी इतर चिंता विकारांतही तिचे गुण वाढतात. पुढे मुलाखतीत ‘विकार आहे’ असं कशाला म्हणायचं ते यावर ठरणार. आधी न ठरवता आकडे आल्यावर सोयीचं उत्तर निवडलं, तर सगळा अभ्यास तिथेच संपला.

आणखी एक मर्यादा सुरुवातीलाच नोंदवा. सार्वत्रिक चिंता विकाराच्या निदानासाठी डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत सहा महिन्यांचा कालावधी लागतो. जीएडी-७ दोन आठवड्यांचं विचारते. झोप, थकवा, एकाग्रता, स्नायूंचा ताण यांवर तिच्यात प्रश्नच नाहीत. ती स्क्रीनिंगसाठी आहे. तिच्या बेरजेला अहवालात ‘निदान’ म्हणू नका.

पायरी २: परवाने, एथिक्स कमिटी आणि ‘सापडलेल्या’ माणसाची सोय

जीएडी-७ वापरायला परवानगी किंवा फी लागत नाही. पण तुलनेसाठी जे दुसरं साधन घ्याल त्याचं तसं असेलच असं नाही. बेक चिंता मापिका विकत घ्यावी लागते, स्पीलबर्गरची ‘स्थिती-गुण’ (स्टेट-ट्रेट) चिंता मापिकाही तशीच. मिनी किंवा एससीआयडी या प्रमाणित मुलाखतींचे हक्क राखीव आहेत. इंटरनेटवरून उतरवलेली पीडीएफ म्हणजे परवाना नव्हे, आणि प्रबंध जमा करण्याच्या आठवड्यात हे कळून उपयोग नाही.

एथिक्स कमिटीच्या अर्जात सगळ्यात कच्चा राहतो तो भाग म्हणजे जास्त गुण मिळालेल्या माणसाचं पुढे काय. ‘गरज पडल्यास संदर्भित केले जाईल’ एवढ्यावर भागवू नका. कोण, कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत भेटणार ते लिहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावर छापा, पण तोच एकमेव उपाय ठेवू नका.

> सावधान: जीएडी-७ मध्ये आत्महत्येच्या विचारांवर प्रश्न नाही. पण सोबत पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली दिलीत तर तिचा नववा प्रश्न नेमका तोच आहे. त्या प्रश्नाला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर ती व्यक्ती निघून जाण्याआधी कुणीतरी प्रशिक्षित माणसानं तिच्याशी बोललं पाहिजे. फॉर्म महिनाअखेरीस एकगठ्ठा तपासणार असाल, तर पीएचक्यू-९ वापरू नका.

पायरी ३: भाषांतर, आणि लोकांना नेमकं काय समजतं ते

आधी तयार भाषांतर शोधा. पीएचक्यू आणि जीएडी-७ च्या अधिकृत संकेतस्थळावर अनेक भारतीय भाषांतली भाषांतरं मोफत मिळतात. मात्र भाषांतर उपलब्ध असणं वेगळं आणि ते तपासलेलं असणं वेगळं. नव्यानं करायचं असेल तर क्रम असा: दोघांनी एकमेकांचं न पाहता मराठी करायचं, दोन्हींचा मेळ घालून एक मसुदा काढायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्यानं त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं, मग सगळ्यांनी बसून फरक सोडवायचे. प्रत्येक फरकाची आणि निर्णयाची नोंद ठेवा.

उलट-भाषांतर नीट जुळलं म्हणजे काम झालं, हा समज सोडा. ते फक्त दोन शिकलेल्या माणसांचं एकमेकांशी जुळल्याचा पुरावा आहे. ओपीडीच्या बाकावरच्या माणसाला काय समजतं ते त्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी प्रत्येक फेरीत आठ-दहा जण घ्या. त्यात कमी शिकलेले, वयस्क, आणि वेगवेगळ्या भागांतले लोक हवेतच. प्रश्न वाचा, उत्तर घ्या आणि मग विचारा: ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’, ‘उत्तर देताना कुठली गोष्ट डोळ्यांसमोर आली?’

पाचवा प्रश्न घ्या. अस्वस्थतेमुळे शांत बसणं अवघड होतं का, असं त्यात विचारायचं आहे. मसुद्यात आलं, ‘एका जागी बसवत नाही’. त्यावर एखाद्या आजी म्हणतात, “बसवतच नाही हो, मांडी घातली की गुडघा धरतो.” आणि खूण होते तीनवर. आजींच्या चिंतेच्या बेरजेत गुडघ्याचे तीन गुण जमा. उलट-भाषांतरात हे वाक्य तंतोतंत बरोबर येतं, म्हणून ही चूक तिथे सापडत नाही. ‘जिवाची घालमेल होऊन एका जागी बसवत नाही’ असं करून पुन्हा विचारून पाहावं लागतं.

दुसरा आणि तिसरा प्रश्न लागोपाठ येतात. एक काळजी थांबवता न येण्याचा, दुसरा नाना गोष्टींची फार काळजी करण्याचा. बऱ्याच जणांना ते एकच वाटतात आणि ‘मगाशीच सांगितलं की’ असं उत्तर मिळतं. म्हणून प्रश्नाचा रोख कशावर आहे, ते वाक्याच्या सुरुवातीलाच स्पष्ट व्हायला हवं.

उत्तरांचे पर्याय तर प्रश्नांपेक्षा जास्त त्रास देतात. ‘अजिबात नाही’ आणि ‘जवळजवळ रोज’ कळतात. ‘काही दिवस’ आणि ‘निम्म्याहून जास्त दिवस’ यांतला फरक तोंडी विचारताना हरवतो. काही जण १४ चौकटींचं कार्ड दाखवतात. उपाय चांगला आहे, पण मग ते कार्ड साधनाचाच भाग झालं. अभ्यासात कार्ड आणि प्रत्यक्ष वापरात नुसतं तोंडी, असं चालणार नाही.

> तपासा: शेवटच्या फेरीत एकही नवी गफलत निघाली नाही ना? निघाली असेल तर आणखी एक फेरी. शब्द बदलायची मुभा इथवरच आहे. पुढच्या पायरीनंतर मजकूर गोठला.

पायरी ४: माणसं किती लागतील

‘प्रत्येक प्रश्नामागे १० माणसं’ हा नियम सगळीकडे फिरतो. सात प्रश्नांना तो ७० देतो, आणि ७० माणसांत इथलं कुठलंच काम नीट होत नाही. प्रत्येक उद्देशासाठी वेगळा हिशेब करा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

रचनेच्या विश्लेषणासाठी (सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात का ते पाहायला) किमान २०० ते ३००. पुनर्चाचणीसाठी (त्याच माणसांकडून काही दिवसांनी पुन्हा भरून घ्यायला) किमान ५०, जमल्यास १००. संवेदनशीलतेसाठी मात्र एकूण माणसं मोजायची नसतात, विकार असलेली माणसं मोजायची असतात. सूत्र साधं आहे: १.९६ चा वर्ग × संवेदनशीलता × (१ − संवेदनशीलता) ÷ हव्या त्या अचूकतेचा वर्ग. संवेदनशीलता ८५ टक्के अपेक्षित आणि अंदाजात १० टक्क्यांची मागेपुढे सूट धरली, तर विकार असलेले ४९ जण लागतात. सूट ७ टक्क्यांवर आणली तर १००. आता तुमच्या ओपीडीत दहातल्या एकाला हा विकार असेल, तर ४९ जण सापडायला सुमारे ४९० लोक तपासावे लागतील, आणि १०० जणांसाठी १,०००.

प्रमाण किती धरायचं, हा प्रश्न इथे येतोच. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा बरेच जण उचलतात. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि ते घरोघरी जाऊन केलेलं होतं. दवाखान्यात आलेल्यांत प्रमाण वेगळंच असतं. त्यापेक्षा स्वतःच्या जागी छोटी प्राथमिक चाचणी घ्या.

हजार मुलाखती शक्य नसतील तर दोन टप्प्यांची पद्धत आहे. सगळ्यांना प्रश्नावली द्यायची, कट-ऑफच्या वरच्या सगळ्यांची आणि खालच्यांतल्या काही जणांची, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांची, मुलाखत घ्यायची. चिठ्ठ्या खरोखर टाका. ‘जे थांबायला तयार होते ते’ हा यादृच्छिक नमुना नव्हे. या पद्धतीचा हिशेब वेगळा असतो, तो पायरी १० मध्ये आहे.

> सावधान: मानसोपचार विभागातले ५० रुग्ण आणि कॉलेजातली ५० ठणठणीत मुलं एकत्र करून काढलेली संवेदनशीलता दिसायला देखणी आणि कामाला निरुपयोगी असते. प्रत्यक्ष वापरात अशी दोन टोकं समोर येत नाहीत, मधली माणसं येतात, आणि प्रश्नावलीची खरी कसोटी मधल्यांतच लागते.

पायरी ५: प्रत्यक्ष भरून घेणं

एकच पद्धत ठरवा: स्वतः भरणं किंवा वाचून दाखवणं. दोन्ही लागणार असतील तर कुणी कसं भरलं याची नोंद ठेवा. वाचून दाखवणाऱ्यानं प्रश्न समजावून सांगायचा नाही, पुन्हा तसाच वाचायचा. हे प्रशिक्षणात दहादा सांगावं लागतं, कारण मदत करायची सवय सुटत नाही.

शेजारी सासू, नवरा किंवा मुलगा उभा असेल तर तो फॉर्म त्या बाईचा राहत नाही. आडोसा नसेल तर जागा बदला. कॉलेजात परीक्षेच्या तोंडावर माहिती गोळा केली तर गुण फुगतील. ते चुकीचे नाहीत, पण ‘परीक्षेच्या काळात’ असं अहवालात लिहावं लागेल, आणि पुनर्चाचणी परीक्षा संपल्यावर आली तर ती वायाच गेली.

क्रम असा: आधी प्रश्नावली, मग मुलाखत, त्याच दिवशी किंवा फार तर आठवड्याच्या आत. मुलाखत घेणाऱ्याला बेरीज कळता कामा नये. प्रत्यक्षात ती कळते कशी, तर नर्सनं सवयीनं केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं ‘१४’ लिहिलेलं असतं. म्हणून फॉर्म बंद पाकिटात जावा आणि केसपेपरवर फक्त सांकेतिक क्रमांक यावा. मुलाखत घेणारे दोघं असतील तर काही मुलाखतींत दोघांनी एकत्र बसून वेगवेगळं निदान नोंदवा आणि ‘कप्पा’ (kappa, दोघांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढा. ज्या मुलाखतीशी ताडून बघायचं, तिच्यातच एकवाक्यता नसेल तर पुढचं सगळं डळमळीत.

पुनर्चाचणी ७ ते १४ दिवसांनी. त्याहून लवकर घेतली तर लोक आठवून तेच लिहितात. फार उशिरा घेतली तर माणसाची स्थितीच बदललेली असते. दुसऱ्या वेळी एक जादा प्रश्न विचारा: ‘मधल्या काळात काही मोठं घडलं का, औषध किंवा उपचार सुरू झाले का?’ ज्यांचं उत्तर ‘हो’ त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

पायरी ६: आकडे साफ करा, मगच उघडा

१. सगळ्यात आधी बेरजेचा किमान आणि कमाल आकडा पाहा. किमान ७ आणि कमाल २८ दिसला तर उत्तरं ०–३ ऐवजी १–४ अशी भरली गेली आहेत. गूगल फॉर्ममधून उतरवलेला मजकूर आकड्यांत बदलताना हे हमखास घडतं. आल्फावर, सहसंबंधांवर याचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण १० चा कट-ऑफ लावला की प्रत्यक्षात ३ गुणांचा माणूसही ‘चिंताग्रस्त’ ठरतो.

२. उत्तर राहून गेलेले प्रश्न मोजा. एखादं राहिलं तर काय करायचं ते आधीच ठरवलेलं असावं. रिकाम्या जागेला शून्य समजणं ही चूक आहे. सॉफ्टवेअर बेरीज करताना ती गुपचूप करतं.

३. एकाच रकान्यात सरळ खाली केलेल्या खुणा, काही सेकंदांत भरलेले फॉर्म, दुबार नोंदी वेगळ्या काढा आणि किती काढले ते सांगा.

४. १५ टक्क्यांहून जास्त लोक शून्यावर असतील तर तळाला गर्दी आहे असं नोंदवा. निरोगी लोकांत स्क्रीनिंग करताना हे होणारच. ते लपवायचं कारण नाही.

पायरी ७: सातही प्रश्न एकच गोष्ट मोजतात का

आल्फाच्या आधी हे करायचं, कारण प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत हे आल्फा गृहीत धरतो; सिद्ध करत नाही.

जीएडी-७ ची रचना आधीच माहीत असल्यानं पुष्टीकारक घटक विश्लेषण करा, म्हणजे आधी ठरलेली रचना आकड्यांना जुळते का ते पाहा. उत्तरं ०, १, २, ३ अशा पायऱ्यांची आहेत, सलग मोजपट्टीची नाहीत. त्यामुळे अशाच उत्तरांसाठी असलेले पॉलिकोरिक सहसंबंध आणि डब्ल्यूएलएसएमव्ही ही अंदाजपद्धत योग्य. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधलं लावान हे पॅकेज मोफत आहे. मॉडेलची आकड्यांशी जुळणी सांगणारे तीन निर्देशांक आहेत: सीएफआय ०.९५ च्या वर, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली, एसआरएमआर ०.०८ च्या खाली, हे नेहमीचे निकष. त्यांना देवाज्ञा समजू नका. ते दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांवरून बेतलेले आहेत आणि पायऱ्यांच्या उत्तरांना सैल पडतात.

जुळणी कमी पडली तर बहुधा चौथ्या, पाचव्या, सहाव्या प्रश्नांकडे बोट जातं: सैल होता न येणं, अस्वस्थता, चिडचिड. हे तिन्ही एकमेकांशी जादा जुळतात, असं इतर भाषांतही दिसलं आहे. त्याला अर्थ आहे, म्हणून ती जोडणी मॉडेलात दाखवता येते. पण सॉफ्टवेअर सुचवेल ती प्रत्येक दुरुस्ती स्वीकारत सुटलात तर मॉडेल तुमच्या नमुन्याला चिकटेल आणि दुसऱ्या नमुन्यावर कोसळेल.

एसपीएसएस या सॉफ्टवेअरची ठरलेली बटणं दाबून प्रमुख घटक विश्लेषण करायचं, ‘एकापेक्षा मोठं आयगेन मूल्य’ धरायचं, आणि त्याच माणसांवर पुन्हा पुष्टीकारक विश्लेषण करून ‘रचना सिद्ध झाली’ म्हणायचं, हा प्रघात बंद व्हायला हवा. शोध आणि पुष्टी यांना दोन वेगळे नमुने लागतात.

माणसं पुरेशी असतील तर स्त्रिया आणि पुरुष, किंवा स्वतः भरणारे आणि वाचून घेणारे, यांच्यात रचना सारखीच आहे का तेही पाहा. नसेल तर दोन गटांच्या सरासरीची तुलना करू नका.

पायरी ८: विश्वसनीयता

आल्फा काढा, सोबत ओमेगा हा त्याच कामाचा दुसरा गुणांकही काढा, आणि दोन्हींची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असण्याची शक्यता आहे ती) द्या. आल्फा प्रश्नांच्या संख्येनं वाढतो. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध ०.३ इतकाच असेल तर सात प्रश्नांचा आल्फा ०.७५ येतो, तेवढ्याच सहसंबंधाच्या वीस प्रश्नांचा ०.९० येतो. साधन सुधारलेलं नाही, लांबलं आहे. आणि ०.९५ च्या वर गेला तर आनंदानं फुगू नका, एकच प्रश्न शब्द बदलून विचारला जातोय का ते पाहा.

‘हा प्रश्न काढल्यास आल्फा’ या रकान्यात एखादा आकडा वाढलेला दिसतो आणि लगेच प्रश्न वगळण्याचा मोह होतो. तो प्रश्न काढलात की हातात उरतं ते जीएडी-७ नाही. ५, १०, १५ हे टप्पे त्याला लागू नाहीत, जगातल्या कुठल्याही अभ्यासाशी त्याची तुलना नाही. त्या प्रश्नाचं मराठी तपासा. बहुतेक वेळा पायरी ३ मध्ये काहीतरी निसटलेलं असतं.

पुनर्चाचणीसाठी साधा पिअरसन सहसंबंध पुरत नाही. दुसऱ्या वेळी सगळ्यांचे गुण बरोबर तीननं कमी आले तरी तो १ येतो. असा फरकही पकडणारा इंट्राक्लास सहसंबंध काढा: द्विमार्गी मॉडेल, संपूर्ण एकमत. एसपीएसएस दोन ओळी देतं, एकल मापनाची आणि सरासरी मापनाची. दुसरी नेहमी मोठी असते, म्हणून प्रबंधांत तीच दिसते. प्रत्यक्षात तुम्ही माणसाला एकदाच मोजणार आहात. पहिली ओळ लिहा.

इथेच न थांबता मापनातली चूक गुणांच्या भाषेत सांगा, कारण समुपदेशकाला तेवढंच कामाचं आहे. समजा गुणांचं प्रमाणित विचलन ५ आहे आणि पुनर्चाचणीचा सहसंबंध ०.८३, म्हणजे मूळ अभ्यासात आला तेवढा. मापनाची प्रमाणित चूक म्हणजे ५ × (१ − ०.८३) चं वर्गमूळ, सुमारे २.०६. एका माणसात ‘खरा’ म्हणावा असा बदल म्हणजे १.९६ × २ चं वर्गमूळ × २.०६, सुमारे ५.७ गुण. तेव्हा उपचारांनंतर १३ चे ९ झाले, तर त्या एका माणसापुरतं ‘सुधारणा झाली’ असं नुसत्या प्रश्नावलीवरून म्हणता येत नाही. इतक्या चांगल्या विश्वसनीयतेचंही हे असं आहे.

पायरी ९: इतर मापनांशी नातं

भाकितं आधी लिहा, दिशा आणि अंदाजे आकडा यांसह. मूळ अभ्यासात बेक चिंता मापिकेशी सहसंबंध ०.७२ होता आणि नैराश्याच्या पीएचक्यू-८ शी ०.७५. पुन्हा वाचा: चिंतेच्या दुसऱ्या मापिकेपेक्षा नैराश्याच्या मापिकेशी किंचित जास्त. चिंता आणि नैराश्य हातात हात घालून येतात, म्हणून ‘नैराश्याशी सहसंबंध कमी येईल’ हे भाकीत भाबडं आहे. भेद दाखवायचा तर दोन्ही प्रश्नावल्यांचे प्रश्न एकत्र घेऊन ते दोन वेगळ्या घटकांत पडतात का ते पाहा.

‘तीन तज्ज्ञांनी प्रश्नावली पाहून मान्यता दिली’ याला पुष्कळ जण वैधता म्हणतात. ती आशयाची प्राथमिक तपासणी झाली, त्याहून जास्त नाही.

पायरी १०: मुलाखतीशी ताळा आणि कट-ऑफ

स्क्रीनिंगच्या प्रश्नावलीसाठी खरी परीक्षा हीच. गोव्यातल्या प्राथमिक उपचार केंद्रांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पाच प्रश्नावल्या सीआयएस-आर या प्रमाणित मुलाखतीशी ताडल्या होत्या. तो अभ्यास २००८ मध्ये आला. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या परिस्थितीत हे करता येतं, याचा तो पुरावा.

दोन टप्प्यांच्या पद्धतीत सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो असा. समजा ५०० जणांनी प्रश्नावली भरली. १२० जण कट-ऑफच्या वर. सगळ्यांची मुलाखत झाली, ४५ जणांना विकार निघाला. उरलेल्या ३८० मधले ७६, म्हणजे पाचांत एक, चिठ्ठीनं निवडले. त्यांत ६ जणांना विकार निघाला. आता ४५ भागिले ५१ करून ‘संवेदनशीलता ८८ टक्के’ लिहिलं जातं. पण ते ६ जण स्वतःसारख्या पाच-पाच जणांचे प्रतिनिधी आहेत. खाली सुटलेले रुग्ण ६ नव्हेत, सुमारे ३०. खरी संवेदनशीलता ४५ भागिले ७५, म्हणजे ६० टक्के. विशिष्टतेचं उलटं होतं: भार न देता, म्हणजे प्रत्येकाला एकच मोजून, ४८ टक्के, भार देऊन ८२. मुलाखतीसाठी निवडीची शक्यता वेगळी असेल तिथे भार द्यावाच लागतो, आणि विश्वासमर्यादाही त्याच हिशेबानं काढाव्या लागतात.

कट-ऑफ ठरवताना आरओसी वक्र (कट-ऑफ सरकवला की संवेदनशीलता आणि विशिष्टता कशा बदलतात ते दाखवणारा आलेख) काढा आणि प्रत्येक संभाव्य कट-ऑफसाठी संवेदनशीलता-विशिष्टतेचं पूर्ण कोष्टक द्या. यूडन निर्देशांक (संवेदनशीलता + विशिष्टता − १) जिथे सर्वांत मोठा तोच कट-ऑफ, असं आपोआप करू नका. सुटलेला रुग्ण आणि उगाच पाठवलेला माणूस या दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत असं तो धरून चालतो. पायरी १ चा कागद काढा. पुढे समुपदेशक एकच असेल आणि आठवड्यातून एकदाच येत असेल, तर विशिष्टता जपावी लागेल. २०१६ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात ८ हा कट-ऑफ जास्त समतोल दिसला, म्हणून तुमच्याकडे ८ आला तर दचकू नका. पण तुमच्या आकड्यांवर निवडलेला कट-ऑफ त्याच आकड्यांवर नेहमी जरा जास्तच चांगला दिसतो. नव्या नमुन्यावर, निदान बूटस्ट्रॅपनं (त्याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून) तरी, तपासल्याशिवाय तो ‘शिफारस’ म्हणून छापू नका.

मग शेवटचा हिशेब, जो प्रबंधात नसतो आणि दवाखान्याला हवा असतो. ८९ आणि ८२ टक्केच धरा. हजार लोक, दहातल्या एकाला विकार. १०० रुग्णांपैकी ८९ सापडले. उरलेल्या ९०० निरोगी लोकांपैकी १६२ जणही कट-ऑफच्या वर आले. म्हणजे पुढे पाठवलेल्या २५१ मध्ये खरे रुग्ण ८९, जेमतेम ३५ टक्के. तेच साधन अशा ठिकाणी वापरलं जिथे दहातल्या चौघांना विकार आहे, तर पाठवलेल्यांतले ७७ टक्के खरे निघतात. प्रश्नावली तीच, कट-ऑफ तोच. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ आलेल्याला सांगायची भाषाही आधी ठरवून ठेवा: “तुम्हाला आजार आहे असं यावरून ठरत नाही, डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.”

पायरी ११: अहवालात काय जायलाच हवं

निदान-अचूकतेसाठी स्टार्ड २०१५ ची ३० कलमांची यादी आहे, मापनगुणांसाठी कॉस्मिनची. दोन्ही शेजारी ठेवून लिहा. किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले, किती फॉर्म काढून टाकले, किती मुलाखती राहिल्या, हे आकृतीत दाखवा. प्रत्येक अंदाजासोबत विश्वासमर्यादा हवी. ‘ही प्रश्नावली वैध आहे’ असं सरसकट वाक्य नको. कुठल्या लोकांत, कुठल्या पद्धतीनं भरून घेतल्यावर, कुठल्या विकारासाठी, ते त्याच वाक्यात आलं पाहिजे.

परिशिष्टात प्रश्नावलीचा मराठी मजकूर जसाच्या तसा द्या: सूचना, सातही प्रश्न, चारही पर्याय, वाचून दाखवणाऱ्यासाठीच्या ओळी, आणि १४ चौकटींचं कार्ड वापरलं असेल तर त्याचा नमुनाही. सोबत गुण ०–३ असेच धरायचे हे ठळक छापा.